मुंबईची पहिली भेट

मेहकर, चिखली किंवा बुलढाणा येथील एखाद्या कुटुंबानें दिवाळीच्या सुटींत मुंबईस जाण्याचें ठरविलें, कीं पहिलें काम म्हणून एक यादी तयार होते. गेटवे ऑफ इंडिया, राणीचा बाग, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहूची चौपाटी, घारापुरीचीं लेणीं, आणि मुलांच्या आग्रहास्तव एखाद्या नटाचा बंगला. ही यादी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या व नातलगांच्या सांगण्यावरून झालेली असते, व तिचा क्रम कीर्तीचा असतो, वाटेचा नसतो. रजा चार दिवसांची, पैसा मोजका, बरोबर गुडघे दुखणारी आजी आणि आठ-दहा वर्षांचीं मुलें. यादीबरहुकूम फिरूं लागलें म्हणजे सकाळीं दक्षिणेच्या टोकाला गेटवे, दुपारीं उत्तरेकडे जुहू, आणि संध्याकाळीं दिवे पाहावयास पुन्हां दक्षिणेस मरीन ड्राइव्ह, असा प्रकार होतो. परत आल्यावर ‘मुंबईंत काय पाहिलें?’ असें विचारलें, तर मंडळींना आठवते ती गाडींतली गर्दी. मुंबई तेवढी राहून गेलेली असते.

ह्या फजितीचें मूळ गांवाकडच्या संवयींत आहे. खामगांव घ्या कीं मलकापूर घ्या. बाजार, कचेरी, शाळा, देऊळ, बसचें ठाणें सारें एका मध्याभोंवतीं असतें, आणि ‘गांवांत जाऊन येतों’ एवढें म्हटलें कीं पुरे होतें. मुंबईला असा एक मध्य नाहीं. तीं पुष्कळ गांवें आहेत आणि तीं उभ्या ओळींत वसलेलीं आहेत. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम हीं मूळचीं सात बेटें. सन १६६१ च्या विवाहाच्या तहानें तीं पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे व १६६८ सालीं ईस्ट इंडिया कंपनीकडे आलीं, आणि पुढें मधल्या खाड्या बुजवून जोडलीं गेलीं. पूर्वेस बंदर आणि पश्चिमेस समुद्र असल्यामुळें वाढावयास दिशा उरली ती उत्तरेची. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही ३४ किलोमीटरांची आगगाडी सुरू झाली, तिनें त्या वाढीचा मार्गच आंखून दिला. आज चर्चगेटहून निघणारी पश्चिम रेल्वे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघणारी मध्य रेल्वे, आणि तेथूनच बंदराच्या बाजूनें शिवडी-वडाळ्याकडे जाणारा हार्बर मार्ग, ह्या तीन दोऱ्यांत वस्त्या मण्यांसारख्या ओंवलेल्या आहेत.

म्हणून मुंबईंतलें अंतर मैलांवर मोजून उपयोगाचें नाहीं. तें वेळेवर आणि दिशेवर मोजावें लागतें. सकाळीं आठ ते अकरा ह्या वेळांत माणसांचा लोंढा उत्तरेकडून दक्षिणेकडे धांवतो, आणि संध्याकाळीं पांचांनंतर तोच उलट फिरतो. त्या लोंढ्यांत लहान मुलांना व वृद्धांना घेऊन शिरणें हें नुसतें गैरसोयीचें नव्हे, धोक्याचें आहे; साध्या लोकलचीं दारें उघडीं असतात, आणि गाडी स्टेशनांत थांबते ती अर्धा मिनिट. पाहुण्याला मात्र एक सवलत आहे, जी मुंबईकराला नाहीं. त्याला कचेरीची वेळ पाळावयाची नसते. तेव्हां एका दिवसाला एकच वस्ती घ्यावी, तेथें गर्दी ओसरल्यावर जावें, ती पायीं हिंडावी, आणि दुसरी वस्ती दुसऱ्या दिवसावर टाकावी. यादींतली निम्मी नांवें त्यामुळें गळतील. तीं खुशाल गळूं द्यावींत.

उतरावें कोठें, हा प्रश्न सर्वांआधीं सुटला पाहिजे. बुलढाणा शहराला रेल्वे नाहीं; घाट उतरून मलकापूर गांठावें लागतें. तेथून, किंवा शेगांवाहून, रात्रीं विदर्भ एक्सप्रेसमध्यें बसलेला प्रवासी सुमारें पांचशें किलोमीटर ओलांडून सकाळीं कल्याण, ठाणें घेत दादरला पोंचतो. (समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्यें पूर्ण झाल्यापासून मेहकर व सिंदखेड राजाकडील लोक मोटारीनेंही येतात. पण मुंबईंत मोटार ही पाहुण्याची सोय नसून जबाबदारी होते.) राहण्यास दादर-परळचा भाग सोयीचा. मध्य व पश्चिम ह्या दोन्ही रेल्वे दादरला एकमेकींस भेटतात, आणि तेथून टर्मिनस अवघें नऊ किलोमीटर आहे. ही वस्ती सन १८९६ च्या प्लेगनंतरची. दाट चाळींतल्या मृत्यूंनी हादरलेल्या सरकारनें १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापला, आणि त्यानें दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते व हवेशीर घरांचे आराखडे आंखले. हिंदू कॉलनी, तेथील डॉ. आंबेडकरांचें ‘राजगृह’, पलीकडे शिवाजी पार्कचें मैदान आणि समुद्रकांठची चैत्यभूमि, एवढें एका संध्याकाळीं सहज पायांखालून जातें. मात्र सहा डिसेंबरच्या सुमारास तेथें लाखोंचा समुदाय लोटतो. अभिवादनासाठीं जाणाऱ्यानें जरूर जावें, सहलीसाठीं येणाऱ्यानें ते दिवस सोडावे.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबांची मुंबईची पहिली भेट सुटींत घडत नाहीं; ती हातांत तपासणीचे कागद घेऊन, परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारांत घडते. १९४१ सालीं सुरू झालेल्या ह्या रुग्णालयांत देशभरांतून कर्करोगाचे रोगी येतात. अशा कुटुंबाला तर वस्तीचा विचार सर्वांहून अधिक महत्त्वाचा. दूरच्या उपनगरांत नातलगाकडे फुकट उतरावें आणि रोज सकाळच्या लोंढ्यांत रोग्याला घेऊन परळ गांठावें, हा हिशेब पैशांत स्वस्त व देहाला महाग पडतो. दादरला गाडगे महाराजांच्या नांवानें चालणारी धर्मशाळा अशाच रोग्यांच्या व त्यांच्या माणसांच्या उपयोगी पडत आली आहे. वऱ्हाडांतल्या त्या खराटेधारी संतानें मोठ्या शहरांत गरिबाला प्रथम काय लागतें, तें नेमकें ओळखलें होतें. जागा तात्काळ मिळेलच असें मात्र धरून चालूं नये; निघण्यापूर्वीं चौकशी करावी.

पहिला पुरा दिवस फोर्टाला द्यावा. फोर्ट म्हणजे किल्ला. आज तेथें तट नाहीं, सन १८६० नंतरच्या दशकांत तो पाडण्यांत आला. पण चर्चगेट हें नांव त्याच्या एका दरवाजाची आठवण देतें. आरंभ टर्मिनसपासूनच करावा. स्टीव्हन्स ह्या वास्तुकारानें उठविलेली ही इमारत १८८८ सालीं पुरी झाली. तिच्या भिंतींवरचे मोर, माकडें आणि पानें मुलांना मोजावयास सांगावीं, म्हणजे मोठ्यांना अर्धा तास स्वस्थपणें पाहतां येतें. तेथून हुतात्मा चौक. जिल्ह्यांतल्या माणसानें ह्या चौकांत क्षणभर अधिक थांबावें, असें कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बुलढाणा जिल्ह्याची राजधानी मुंबई नव्हतीच, नागपूर होती. त्या दिवशीं वऱ्हाड मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र झाला. मधल्या लढ्याचें स्मारक तें हेंच.

पुढें विद्यापीठाचा राजाबाई मनोरा लागतो. १८७८ सालीं पुरा झालेला हा मनोरा प्रेमचंद रायचंद ह्या व्यापाऱ्याच्या देणगींतून, त्याच्या आईच्या नांवें उभा राहिला. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ ह्या काळांत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, हिंदुस्थानच्या कापसाचे भाव कडाडले, आणि मुंबईंत पैशांचा पूर आला. प्रेमचंदांची संपत्ति त्या पुरांतली. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतला कापूसही त्याच बाजाराकडे येत होता. म्हणजे मनोऱ्याच्या दगडांत खामगांवच्या शेतकऱ्याचाही कांहीं वांटा आहे म्हणावयास हरकत नाहीं. त्याचें नांव तेवढें कोठें कोरलेलें नाहीं. सायंकाळीं संग्रहालय आटोपून गेटवेवर यावें. १९२४ सालीं पुरी झालेली ही कमान राजाच्या स्वागताची म्हणून बांधली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं इंग्रजांची शेवटची पलटण तिच्याखालूनच निघून गेली.

दुसरा दिवस गिरगांवचा. ऑक्टोबर २०२५ मध्यें भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत खुली झाल्यापासून दादरहून गिरगांवांत थेट उतरतां येतें. येथें पाहण्यासारखी एकच एक वास्तु शोधूं गेल्यास निराशा होईल. येथें गल्ल्या पाहावयाच्या असतात. खोताच्या वाडींतलीं लांकडी जिन्यांचीं घरें, फणसवाडी, ठाकुरद्वार, आणि केशवजी नाईकांच्या चाळी, जेथें १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे. ह्याच गिरगांवांतल्या कॉरोनेशन चित्रगृहांत ३ मे १९१३ रोजीं दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. जवळच गांवदेवींत मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ ह्या काळांत गांधीजींचें मुंबईंतलें बिऱ्हाड तेथें असे. दिवस मावळतांना चौपाटीवर जावें. १९२० च्या ऑगस्टमध्यें लोकमान्यांच्या देहाला अग्नि दिला तो ह्याच वाळूंत, भर पावसांत, अफाट जनसमुदायासमोर. भेळ खाणाऱ्या बहुतेकांना हें ठाऊक नसतें. खरेदीची हौस असलेल्यांनी क्रॉफर्ड मार्केट व भुलेश्वर ह्याच दिवसांत बसवावे, दुसऱ्या कोणत्या दिवसांत नव्हे.

तिसरा दिवस, आणि बुलढाणा जिल्ह्याच्या माणसाला तरी सर्वांत जवळचा, भायखळा व गिरणगांवाचा. राणीच्या बागेचें आजचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. जिजाऊंचें माहेर सिंदखेड राजा. जिल्ह्यांतलीं मुलें शाळेच्या सहलींत तो वाडा पाहून आलेलीं असतात. महानगरांतल्या सर्वांत जुन्या बागेच्या दारावर तें नांव वाचलें म्हणजे त्यांना शहर थोडें कमी परकें वाटतें. बाग आणि तिच्या आवारालगतचें, १८७२ सालीं उघडलेलें भाऊ दाजी लाड संग्रहालय, हीं दोन्हीं बुधवारीं बंद असतात. यादी करतांना हें विसरणारे लोक फाटकाशीं उभे दिसतात. संग्रहालयाशेजारीं दगडी हत्ती आहे, तो घारापुरीचा. त्याच्याचवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ नांव दिलें.

तेथून लालबाग, परळकडे वळावें. १८७० सालीं जलंब ते खामगांव हा रेल्वेचा फांटा केवळ कापसासाठीं घातला गेला, व वऱ्हाडी कापूस रुळांवरून मुंबईला येऊं लागला. त्यांतला कांहीं जहाजांत चढे, कांहीं येथल्या गिरण्यांत सूत होई. हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नांवाचें स्टेशन आहे. कापसाच्या बाजाराची आणि वखारींची ती जागा. गिरण्यांत राबणारा कामगार बहुधा कोंकणांतला व घाटावरचा होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यांतून गिरणगांव पुन्हां सांवरला नाहीं. आज त्या आवारांत उंच मनोरे व काचेचीं दुकानें आहेत. क्वचित् एखादी चिमणी मध्येंच उभी दिसते. मुलांना हें पाहणें कंटाळवाणें वाटेल. परंतु ज्या घरांत अद्यापि कापसाच्या भावाची चर्चा होते, त्या घरच्या मोठ्या माणसांनी तो कापूस जात होता कोठें तें एकदां पाहावें.

चौथा दिवस मोकळा ठेवावा. उपनगरांतलें एकच कांहीं निवडावें. जुहू, बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान, किंवा बोटीनें घारापुरी. घारापुरीचीं व कान्हेरीचीं लेणीं सोमवारीं बंद असतात, आणि पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं गेटवेच्या बोटी थांबतात. तसें पाहिलें तर अजिंठा बुलढाण्याहून अर्ध्या दिवसाच्या आंत गांठतां येतो, आणि तो न पाहतां घारापुरीला धांवणारे लोकही आहेत, पण असो.

गर्दींत चुकामूक झाल्यास काय करावयाचें, तें निघण्यापूर्वींच ठरलेलें असावें. भ्रमणध्वनि प्रत्येकाजवळ असतो खरा, पण तो डब्याच्या कोंडाळ्यांत ऐकूं येत नाहीं, आणि आजीच्या पिशवींत तळाशीं असतो. सोपा नियम असा : जो गाडींत चढून पुढें गेला, त्यानें पुढच्याच स्टेशनावर उतरून फलाटावरच थांबावें, जो मागें राहिला, त्यानें तशीच गाडी पकडून त्या स्टेशनावर यावें. ह्यासाठीं गाडी ‘स्लो’ कीं ‘फास्ट’ हें चढण्याआधीं फलाटावरच्या पाटीवर पाहावें, कारण जलद गाडीचें पुढचें स्टेशन निराळें असूं शकतें. बायका महिलांच्या डब्यांत आणि पुरुष दुसरीकडे बसले असतील, तर उतरावयाच्या स्टेशनाचें नांव मुलांनाही पाठ असावें.

परतीची विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळीं टर्मिनसहून सुटते, आणि दादरलाही थांबते. दादरला मुक्काम असला तरी तेथें चढूं नये. दोन-तीन मिनिटांत सामान, आजी आणि मुलें आंत जात नाहींत. चारांच्या सुमारास दादरहून टर्मिनसकडे जाणारी लोकल धरावी. समोरच्या फलाटावर उत्तरेकडच्या गाड्यांना माणसें लोंबूं लागलेलीं असतात, आणि ह्या गाडींत आजीला खिडकीजवळची जागा मिळते.