एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती

२० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटी वापरणाऱ्या काही जणांना आपल्या पडद्यावर भलतेच काही दिसू लागले. जुन्या संभाषणांच्या यादीत त्यांनी कधीही न केलेल्या संभाषणांची शीर्षके होती. ओपनएआय कंपनीने सेवा बंद ठेवली आणि २४ मार्चला खुलासा प्रसिद्ध केला. त्या दिवशीच्या ९ तासांच्या काळात सेवा वापरणाऱ्या सशुल्क सभासदांपैकी १.२ टक्के लोकांचे नाव, ई-मेल, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि मुदत हा तपशील परक्याच्या नजरेस पडला असण्याची शक्यता त्यात मान्य केली होती. कार्डाचा पूर्ण क्रमांक मात्र उघड झाला नव्हता.

येथे कोणी चोराने कुलूप तोडले नव्हते. दोष होता तो सर्व्हरवरील प्रोग्राम आणि ‘रेडिस’ नावाचा विखुरलेला स्मृतिसाठा यांच्यामधील जोडणीत. ओपनएआयचा तो प्रोग्राम पायथन भाषेतील होता. परंतु सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालविणाऱ्या ‘नोड जेएस’च्या प्रोग्रामरांनी ही घटना परकी समजू नये. एकाच धाग्यावर शेकडो अर्धवट कामे एकाच वेळी पुढे सरकत ठेवायची, ही कामाची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

डेटाबेसमधून एखादी माहिती शोधून काढणे हे तुलनेने सावकाश होणारे काम. तीच माहिती हजारो लोक पुन:पुन्हा मागत असतील तर एकदा काढलेले उत्तर संगणकाच्या वेगवान स्मृतीत हाताशी ठेवावे, हे शहाणपण जुनेच. अशा साठ्याला कॅशे म्हणतात. (इंग्रजी उच्चार रोकडीच्या ‘कॅश’सारखाच आहे, पण घोटाळा टाळण्यासाठी मराठीत कॅशे असे लिहिणे बरे.) ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली ‘लाइव्हजर्नल’ या संकेतस्थळासाठी ‘मेमकॅश्ड’ तयार केला. सिसिलीच्या साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी २००९ मध्ये रेडिस आणला, आणि त्याच वर्षी रायन डाल यांनी नोड जेएस जगासमोर ठेवले. पुढे या दोघांची जोडी अनेक संकेतस्थळांवर जमली.

एका संगणकाची स्मृती अपुरी पडू लागली की साठा अनेक संगणकांवर वाटावा लागतो, आणि कोणती वस्तू कोठे ठेवली हे लक्षात कोणी ठेवायचे, असा प्रश्न उभा राहतो. सोपा वाटणारा उपाय असा, की वस्तूच्या नावावरून एक संख्या काढावी, तिला संगणकांच्या संख्येने भागावे आणि बाकी येईल त्या संगणकाकडे जावे. पण चार संगणकांचे पाच केले की भाजक बदलतो आणि पाचांपैकी चार वस्तूंचा पत्ता एका क्षणात चुकतो. म्हणजे साठा जवळजवळ रिकामाच झाला.

रेडिसने २०१५ मध्ये ३.० या आवृत्तीत आणलेल्या समूहपद्धतीत, म्हणजे ‘क्लस्टर’मध्ये, यावर निराळी तोड काढलेली आहे. टपाल कार्यालयात पत्रे लावण्याच्या कपाटाला जसे खण असतात तसे येथे १६,३८४ खण कल्पिले आहेत. वस्तूच्या नावावर सीआरसी-१६ हे गणित करून, येणाऱ्या संख्येला १६,३८४ ने भागून जी बाकी उरते तो तिचा खण. खणांची संख्या कधीच बदलत नाही. कोणता खण कोणत्या संगणकाकडे एवढेच बदलते. नवा संगणक आला की काही खण उचलून त्याच्याकडे द्यायचे, बाकीचे जागच्या जागी.

मात्र या रचनेत मधला कारकून नाही. चुकीच्या संगणकाकडे विचारणा केली तर तो ती पुढे पोहोचवीत नाही. ‘मूव्ह्ड’ असे उत्तर देऊन खणाचा क्रमांक आणि योग्य संगणकाचा पत्ता कळवितो आणि मोकळा होतो. खणांचा नकाशा जवळ बाळगणे, तो जुना झाल्यास पुन्हा मागवून घेणे, हे सारे विचारणाऱ्याचे काम. नोड जेएससाठी ते नोड-रेडिस किंवा आयओरेडिस या लायब्रऱ्या करतात. दोन्हींत एकट्या सर्व्हरची जोडणी आणि समूहाची जोडणी वेगवेगळी आहे. नवखा प्रोग्रामर अनेकदा पहिलीच वापरतो. तीन मुख्य संगणकांचा समूह असेल तर सुमारे एक तृतीयांश मागण्या व्यवस्थित पुऱ्या होतात आणि उरलेल्यांवर त्रुटीचा संदेश येतो. थोडक्या नोंदींवर चाचणी उरकली असेल तर हे ध्यानातही येत नाही.

समूहाची जोडणी करताना सर्व संगणकांचे पत्ते द्यावे लागत नाहीत. दोन-तीन दिले तरी लायब्ररी त्यांच्यापैकी एकाला विचारून पूर्ण नकाशा मिळविते. येथेच आणखी एक खड्डा आहे. नकाशात जे पत्ते येतात ते संगणकांनी स्वत:विषयी सांगितलेले असतात. समूह डॉकरसारख्या आवरणात चालत असेल तर ते पत्ते आतल्या जाळ्यापुरतेच खरे असतात. बाहेरच्या प्रोग्रामची पहिली जोडणी होते आणि पुढच्या सगळ्या लटकतात. समूहाला आपला बाहेरचा पत्ता जाहीर करायला लावणे किंवा लायब्ररीला पत्त्यांचे कोष्टक देणे, हे त्यावरचे उपाय. शिवाय संगणक आपसांत बोलतात ते दाराच्या क्रमांकात १०,००० मिळवून, म्हणजे सामान्यत: ६३७९ ऐवजी १६३७९ वर. तेही दार त्यांच्यात उघडे असावे लागते.

अनेक वस्तू एकाच आज्ञेत मागायच्या तर त्या एकाच खणातल्या हव्यात, अन्यथा समूह आज्ञा नाकारतो. नावातील काही भाग महिरपी कंसात लिहिल्यास खणाचे गणित तेवढ्याच भागावर होते, म्हणून एका ग्राहकाच्या सर्व नोंदी शेजारी ठेवता येतात. ही सोय जपून वापरावी. एकच शब्द सगळीकडे कंसात घातला की सारा भार एका संगणकावर जातो आणि बाकीचे नुसते बसून राहतात.

आता मूळ घटनेकडे. धोब्याकडे अनेक घरांचे कपडे एकत्र धुतले जातात, पण प्रत्येक कपड्यावर घराची खूण असते. रेडिसच्या नित्याच्या प्रश्नोत्तरांत अशी खूण नाही. एका जोडणीवरून प्रश्न ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने उत्तरे येतात, आणि क्रम हीच ओळख. नोडच्या लायब्रऱ्या सामान्यत: प्रत्येक संगणकाशी एकच जोडणी राखतात आणि सर्व वापरकर्त्यांच्या मागण्या तिच्यावरून पाठवितात, वेग येतो तो त्यामुळेच. ओपनएआयच्या प्रकरणात पायथनच्या लायब्ररीकडे जोडण्यांचा सामाईक संच होता. प्रश्न पाठविल्यानंतर आणि उत्तर घेण्यापूर्वी एखादी मागणी रद्द झाली, तर न घेतलेले उत्तर जोडणीत तसेच पडून राही, आणि तीच जोडणी पुढे ज्याच्या वाट्याला येई त्याला ते मिळे. बहुतेक वेळा माहितीचा प्रकार न जुळल्याने त्रुटीच येई. प्रकार जुळला की मात्र परक्याची माहिती बिनबोभाट पोहोचे. त्या दिवशी कंपनीच्याच एका बदलामुळे रद्द होणाऱ्या मागण्या एकाएकी वाढल्या होत्या.

यावरून नोडच्या प्रोग्रामरने घ्यायचा बोध पुरेसा ठोस आहे. मुदत संपली म्हणून मागणी सोडून दिली तरी उत्तर यायचे ते येतेच. ते उचलून टाकून देण्याची व्यवस्था लायब्ररीत हवी, किंवा जोडणीच मोडून नवी करावी. उत्तराची वाट पाहत रोखून धरणाऱ्या आज्ञा आणि परस्परावलंबी आज्ञांचे व्यवहार यांना स्वतंत्र जोडणी द्यावी, कारण सामाईक जोडणीवर ते इतरांच्या मागण्यांत मिसळतात.

दुसरा धोका साठाच बंद पडण्याचा. नोड-रेडिसमध्ये ‘एरर’ या घटनेची दखल घेणारा भाग लिहिला नसेल, तर जोडणी तुटताच संपूर्ण प्रोग्राम कोसळू शकतो. म्हणजे जो साठा नसला तरी काम चालावे, त्याच्यापायी दुकानच बंद. त्याहून वाईट म्हणजे सगळ्या मागण्या एकदम डेटाबेसवर तुटून पडणे. २३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद होते, त्यामागे असेच चक्र होते. मूळ साठ्यातील एका चुकीच्या मूल्यामुळे प्रत्येक सर्व्हर कॅशेतील नोंद दुरुस्त करण्यासाठी डेटाबेसकडे धावला. भाराने डेटाबेस त्रुटी देऊ लागला. आणि त्रुटी म्हणजे अयोग्य मूल्य असे समजून सर्व्हर कॅशेतील नोंद पुसत गेले. चक्र तोडण्यासाठी अखेर त्या डेटाबेसकडे जाणारी सारी वाहतूक थांबवावी लागली.

येथे नोडचा एकच धागा उपयोगी पडतो. एखादी वस्तू आणण्याचे काम सुरू असेल तर त्या कामाचे ‘प्रॉमिस’ जपून ठेवावे आणि त्याच वस्तूसाठी आलेल्या सर्वांना तेच द्यावे. शंभर मागण्यांमागे डेटाबेसची फेरी एकच होते. नोंदींच्या मुदती एकाच क्षणी संपू नयेत म्हणून त्यांत थोडा यादृच्छिक फरक ठेवणेही इष्ट. रेडिसचा मुख्य संगणक गेल्यास त्याची प्रत जागा घेते, परंतु प्रत मागाहून होत असल्याने ‘लिहिले’ असे कळविलेली नोंदही क्वचित हरवते. पैशाचा हिशेब म्हणूनच डेटाबेसमध्येच ठेवावा.

२०२४ मध्ये रेडिसच्या परवान्यावरून वाद होऊन लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘व्हॅल्की’ ही शाखा निघाली. खण आणि बोलण्याची पद्धत तीच असल्यामुळे वरील सर्व गोष्टी तेथेही लागू आहेत.

ओपनएआयने लायब्ररीतील दोष दुरुस्त होण्यावरच विसंबून न राहता आणखी एक तपासणी जोडली: कॅशेकडून आलेली माहिती मागणाऱ्याचीच आहे ना, हे देण्यापूर्वी पाहायचे. नोडमध्ये त्यासाठी नोंदीतच वापरकर्त्याचा क्रमांक लिहून ठेवायचा आणि वाचताना तो ताडून पाहायचा; दोन-चार ओळींचे काम.