रेल्वेनं पाणी आलं, ऊन तसंच राहिलं

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. विषय निघाला की सगळे त्या वाघिणींबद्दल बोलतात. त्या उन्हाळ्यात गोठ्यांत काय चाललं होतं, हे कुणी विचारत नाही. माझा राग त्याचाच आहे.

बहात्तरचा दुष्काळ वडिलांच्या पिढीचा. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. पुढची वर्षं संकरित गायींची आणि वाढलेल्या दुधाची. मी सोसलं ते दशक 2012 ते 2022 चं. चारा छावण्या, 2014 ची गारपीट, 2016 ची रेल्वे, 2019 ला पुन्हा छावण्या. ही संकटं दिसत होती, त्यांचे फोटो निघत होते. त्यांच्याआड उष्मा वाढत होता.

जर्सी सावलीत बांधली तरी दुपारी धापा टाकायची, लाळ गाळायची, गव्हाणीकडे पाठ फिरवायची. चारा पचतानाही अंगात उष्णता तयार होते, म्हणून जनावर खाणंच कमी करतं. मग दूध आटतं, फॅट उतरते, लॅक्टोमीटरवर डिग्री लागत नाही. गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन पदार्थ, हवं. त्याखाली गेलं की दर कापला. आमच्याकडच्या एका संकलन केंद्रावर 'पाणी घातलंय' असं तोंडावर ऐकवलं जायचं. जनावराला पाजायला टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागे! त्यात मुका माज. माज कळला नाही की भरवायची वेळ हुकते, भरवली तरी गाय उलटते, म्हणजे गाभण राहत नाही, आणि भाकड जनावराला वैरण मात्र रोज लागते. म्हशींचे तर आणखी हाल. काळी कातडी, घाम कमी आणि डुंबायला तळं कोरडं.

हे ऊन सोसणारी देवणी गाय आमच्याच मातीतली. पण तिचं दूध कमी म्हणून वर्षानुवर्षं आम्हाला संकराचाच सल्ला मिळाला. 2019 च्या पशुगणनेत देशातलं देशी गोधन 6 टक्क्यांनी घटलं आणि संकरित-विदेशी जवळपास 27 टक्क्यांनी वाढलं. ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, कडब्याच्या गंजी गेल्या. देवणीची दावण रिकामी होताना पाहिली, ते दुःख अजून उतरलेलं नाही.

2022 चा मार्च 1901 पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत गहू दाणे भरतानाच करपला आणि 13 मे रोजी केंद्रानं निर्यात थांबवली. धान्याच्या कोठारापर्यंत झळ पोचली तेव्हा सरकार दोन महिन्यांत हललं. गोठ्यासाठी कुणी हललं नाही. त्या अख्ख्या दशकात राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. दूध निम्म्यावर आलं, गाय उलटली, वेताचं वर्ष वाया गेलं, तरी पंचनाम्याला कुणी यायचं नाही. निदान मार्च ते जूनपुरते फॅट-एसएनएफचे निकष वेगळे ठेवा आणि घटलेल्या दुधाला विमा द्या, एवढंच मागणं आहे.