कॉन्स्टेबलच्या गावांतून एक दिवस

लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहातील 'द हे वेन' हे चित्र इंग्लंडच्या ग्रामजीवनाचे प्रतीक मानले जाते. उथळ पात्रात उभी असलेली गवत वाहण्याची गाडी, काठावरचे घर आणि वर ढगांनी भरलेले आकाश. जॉन कॉन्स्टेबल यांनी १८२१ मध्ये पूर्ण केलेल्या या चित्रातील स्थळ आजही पाहता येते. लंडनहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल, एवढेच ते दूर आहे.

लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून सुटणारी रेल्वे सुमारे तासाभरात मॅनिंगट्रीला पोहोचते. तेथून कुरणांतील पायवाटेने तीनेक किलोमीटर चालले की स्टूर नदीकाठचे फ्लॅटफर्ड लागते. नदीच्या एका तीरावर सफोक परगणा, तर दुसऱ्या तीरावर एसेक्स.

शांततेच्या शोधात येथे येणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॉन्स्टेबल यांनी रंगवलेली ही नदी व्यापाराची वाट होती. १७०५ च्या कायद्याने ती जलवाहतुकीसाठी खुली झाली. त्यांचे वडील गोल्डिंग हे धान्याचे व्यापारी. फ्लॅटफर्डची पाणचक्की त्यांचीच. मालाने भरलेले पडाव घोडे काठाने ओढत नेत. वाटेत गुरांसाठी घातलेले अडसर आले की घोड्यांना उडी मारून ते ओलांडावे लागत. 'द लीपिंग हॉर्स' (१८२५) या चित्राचा विषय हाच. 'फ्लॅटफर्ड मिल' या चित्राच्या शीर्षकातही 'जलवाहतुकीच्या नदीवरील दृश्य' असा उल्लेख आहे. या चित्रांत दिसते ते चित्रकाराच्या घरच्या व्यवसायाचे रोजचे काम.

पाणचक्की व 'हे वेन'मधील विली लॉट यांचे घर आज नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीचे आहे. नदीकाठाने पुढे गेल्यावर डेडहॅम येते. कॉन्स्टेबल येथील शाळेत शिकले. येथील चर्चचा मनोरा त्यांच्या अनेक चित्रांत क्षितिजावर दिसतो.

परतताना ईस्ट बर्गहोल्ट हे त्यांचे जन्मगाव चुकवू नये. ११ जून १७७६ रोजी ते येथे जन्मले. येथील चर्चचा मनोरा अपुराच राहिला. त्यामुळे घंटांसाठी १५३१ मध्ये आवारात लाकडी घर बांधण्यात आले. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय आजही कायम आहे. याच चर्चच्या धर्मगुरूंनी आपली नात मारिया हिच्या कॉन्स्टेबल यांच्याशी विवाहास दीर्घकाळ विरोध केला. अखेर १८१६ मध्ये तो विवाह झाला.

मायदेशी कौतुकही उशिराच वाट्याला आले. 'हे वेन' लंडनच्या प्रदर्शनात विकले गेले नाही. १८२४ मध्ये पॅरिसमध्ये मात्र त्याला सुवर्णपदक मिळाले. रॉयल अकादमीचे पूर्ण सदस्यत्व मिळाले तेव्हा, १८२९ मध्ये, कॉन्स्टेबल बावन्न वर्षांचे होते.

या खोऱ्याला १९७० पासून कायद्याचे संरक्षण आहे. तरीही सारे जसेच्या तसे उरलेले नाही. चित्रांतील उंच एल्म वृक्ष विसाव्या शतकात रोगाला बळी पडले आणि मालाचे पडावही थांबले. शिवाय 'हे वेन' काठावर बसून रंगवलेले नाही. गावी केलेल्या रेखाटनांच्या आधारे ते लंडनमधील चित्रशाळेत साकारले. म्हणून शक्य असल्यास चित्र आधी पाहावे आणि मग गाव. पावसानंतर पायवाटांवर चिखल होतो, तेव्हा मजबूत बूट हवेतच.