घरचा फळा



वसंतात व्याख्याने ऐकण्याची पुण्याची रीत जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली ती घालून दिली. अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे. मी विद्वान नव्हे. माझी शाळा नववीत सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात व युनियनच्या कचेरीत झाले. त्यामुळे संयोजकांनी ‘नोकरदार आईबापांनी घराची घडी कशी बसवावी’ हा विषय माझ्याकडे दिला, तेव्हा आमच्या कचेरीतली मंडळी हसली. पगारवाढ, बोनस, संप यांवर बोलणारा माणूस डबे आणि दप्तरे यांवर काय बोलणार? पण विचार करता वाटले की हा विषय आमचाच आहे. जिथे काम आहे, तिथे कामाची मोजदाद आणि वाटणी हा प्रश्न येतोच. घर त्याला अपवाद नाही.

पहाटे साडेपाच-सहाला कात्रजच्या चौकात उभे राहून पाहा. कोणी स्वारगेटची बस पकडतो आहे, कोणी बोगद्यापलीकडे शिरवळच्या कारखान्यांकडे निघाला आहे, कोणी हडपसर गाठतो आहे. घरकामाला जाणाऱ्या बाया झपझप सोसायट्यांच्या दिशेने चालल्या आहेत. यांपैकी कित्येकांची मुले घरी अजून झोपलेली आहेत. ही माणसे बहुतेक भोर, सातारा, मराठवाडा अशा भागांतून आलेली. आजी-आजोबा गावी राहिले. जुन्या घरात वेळापत्रक नव्हते, कारण तिथे माणसे होती. आई शेतावर गेली तर काकू होती, काकू माहेरी गेली तर आजी होती. आता दोन खोल्यांत दोन मोठी माणसे आणि दोघेही कामावर. माणसे होती ती जागा रिकामी झाली, आणि तिथे आपण दुसरे काहीच ठेवले नाही. सगळा भार एकीच्या स्मरणशक्तीवर पडला. ती एक कोण, हे मी सांगायला नको.

हे मला पुस्तकातून कळले नाही. वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझी पत्नी एका कारखान्यात पॅकिंगला होती, पहिल्या पाळीला. मुलगी पाचवीत होती. तिची शाळा साडेपाचला सुटे आणि तिला आणण्याचे काम आईकडे असे. जुलैचा महिना, पाऊस लागलेला. त्या दिवशी कारखान्यात ऐनवेळी चार तास जादा थांबवून घेतले. तिने एका सोबतिणीच्या हाती आमच्या कचेरीत चिठ्ठी धाडली. मी दुसऱ्याच दारावर सभेत बोलत होतो आणि चिठ्ठी टेबलावर पेपरवेटखाली पडून राहिली. सात वाजता घरी आलो तर दाराला कुलूप. साडेसातला शाळेपाशी पोहोचलो. पोर रखवालदाराच्या खोलीत बसली होती. त्या भल्या माणसाने आपल्या डब्यातली अर्धी चपाती तिला दिली होती. ती रडली नाही. मला एवढेच म्हणाली, “बाबा, आज मला आणायची पाळी कोणाची होती?”

मला उत्तर देता आले नाही. बारा कारखान्यांच्या पाळ्या मला पाठ होत्या. माझ्या घरात पाळी कोणाची, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

पुढच्या रविवारी पत्नीने आमचेच एक हस्तपत्रक घेतले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर आपली कामे लिहून काढली. पुढच्या बाजूला आठ तासांच्या दिवसाची मागणी छापलेली होती. मागे भरली त्रेचाळीस कामे. मी माझी लिहिली, ती पाच. तिची यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. तिच्या निम्म्या कामांना हात लागतच नव्हते. गॅस संपत आला आहे, शुक्रवारी फीची शेवटची तारीख आहे, धाकट्याची लस राहिली आहे, गणवेशाची उसवलेली शिवण घालायची आहे: हे सारे लक्षात ठेवण्याचे काम. स्वयंपाक दिसतो, धुणे दिसते. लक्षात ठेवणे दिसत नाही, म्हणून कोणी त्याला कामच म्हणत नाही. पण माणूस त्यानेच अधिक थकतो.

हे एका घराचे गाऱ्हाणे समजू नका. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, असे तीत आढळले. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची सरासरी ८८ मिनिटे. म्हणजे एकीकडे पावणेपाच तासांच्या वर आणि दुसरीकडे दीड तासही नाही. आणि जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत.

तेव्हा पहिली पायरी हीच. एका संध्याकाळी सर्वांनी बसावे आणि घरातले प्रत्येक काम कागदावर उतरवावे. हातांचे आणि डोक्याचेही. कोण करतो, केव्हा करतो, किती वेळ लागतो, हे लिहावे. या कागदावर भांडण होईल. होऊ द्यावे. मागण्या लिहून काढल्याशिवाय वाटाघाट होत नाही.

दुसरी पायरी म्हणजे फळा. कारखान्याच्या दारावर असतो, तसा एक फळा घरात लावावा. फार खर्च नको. जाड पुठ्ठा आणि खडू चालेल. आठवड्याचे सात रकाने आखावेत. प्रत्येकाची पाळी, शाळा सुटण्याची वेळ, मुलाला नेणार कोण, आणणार कोण, पाणी केव्हा येते, बिलाची तारीख कोणती, हे त्यावर लिहावे. फळा घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याच्या उंचीवर असावा. कोणी म्हणेल, हल्ली मोबाइलमध्ये ही सोय आहे. आहे, जरूर वापरावी. पण मोबाइल एकाच्या खिशात राहतो. भिंत सर्वांची असते.

फळ्याचे दोन नियम आहेत. पहिला, प्रत्येक कामापुढे एकच नाव. ‘कोणीतरी’ हे कोणाचेही नाव नव्हे. दोघांवर सोपवलेले काम दोघेही दुसऱ्याचे समजतात. दुसरा नियम कारखान्यातला आहे. पाळी संपली तरी कामगार यंत्र तसेच सोडून जात नाही. पुढचा आला, त्याला यंत्राची हालहवाल सांगितली, मग हा निघतो. मुलाच्या बाबतीत तर हे शंभरदा खरे. निरोप ठेवला म्हणजे काम सोपवले असे होत नाही. समोरच्याने “घेतले” असे म्हटल्यावरच ते सोपवले गेले. आमच्या घरी त्या दिवशी निरोप होता. “घेतले” नव्हते.

तिसरी गोष्ट सकाळच्या धांदलीची. सकाळ ही आदल्या रात्री तयार होते. जेवण झाल्यावर सर्वांनी मिळून अर्धा तास द्यावा. दप्तरे, गणवेश, बूट, बसचे पास आणि किल्ल्या एका ठरलेल्या जागी ठेवाव्यात. भाजी निवडून, चिरून ठेवावी. “आज भाजी काय?” हा प्रश्न रोज सकाळी पडतो आणि भाजी करण्यापेक्षा जास्त डोके खातो. म्हणून रविवारीच आठवड्याची भाजी फळ्यावर लिहावी. रविवारी रात्री मटकी भिजत घातली, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली, की मंगळवारच्या डब्याची उसळ ठरली. मोड येण्याचे काम आपण कामावर असताना होते आणि त्याची मजुरी पडत नाही.

आपल्या कात्रजच्या तळ्याचे पाणी पुण्यात कसे जात असे, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, हे काम झाले. एका तळ्यात गाळ बसावा, दुसऱ्यातून निवळ पाणी पुढे जावे, आणि तिथून जमिनीखालच्या दगडी नळाने ते केवळ उताराच्या जोरावर शनिवारवाड्यापर्यंत आणि शहराच्या हौदांपर्यंत पोहोचावे, अशी रचना होती. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते, म्हणजे आत उतरून नळ तपासता येई. उतार एकदा नीट दिला, म्हणून रोज कोणाला पाणी डोक्यावर वाहावे लागले नाही. रात्रीचा अर्धा तास आणि रविवारची यादी म्हणजे आपल्या घराचा उतार. पण उतार दिला म्हणून तपासणी टळत नाही. उच्छ्वासही लागतोच.

तो उच्छ्वास म्हणजे आठवड्याची सभा. रविवारी चहानंतर वीस मिनिटे, त्याहून अधिक नाही. प्रश्न तीनच. मागच्या आठवड्यात काय निसटले? येत्या आठवड्यात वेगळे काय आहे? कोणावर भार जास्त झाला? सभेचा अध्यक्ष दर वेळी बदलावा, आणि मुलांनाही ती खुर्ची द्यावी. सात वर्षांचे पोर अध्यक्ष झाले की बाप मुद्द्यावर राहतो, हा माझा अनुभव आहे. एक पथ्य मात्र पाळावे. ही सभा आहे, चौकशी समिती नव्हे. दोषी कोण हे शोधू लागलात, तर पुढच्या रविवारी कोणी खरे बोलणार नाही.

आता मुलांच्या कामाविषयी. पाच वर्षांचे मूल चपला ओळीने लावते, ताटे मांडते. आठ वर्षांचे पाण्याच्या बाटल्या भरते, वाळलेले कपडे घडी करते. बारा वर्षांचे, शिकवले तर, भाताचा कुकर लावते. यात मुलगा-मुलगी हा भेद करू नये. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. गिरण्यांत ‘बदली कामगार’ असे. कायम माणूस गैरहजर राहिला की त्याच्या जागी उभे राहायचे, पण हक्क कोणतेच नाहीत. आपल्या कितीतरी घरांत थोरली मुलगी ही आईची बदली कामगार झालेली असते. आई कामावर गेली की धाकट्यांना तिने सांभाळायचे, स्वयंपाक तिने करायचा, आणि शाळा बुडाली तर तिचीच बुडायची. घर शिस्तीत चालले आहे असे बाहेरून दिसते, पण ती शिस्त त्या पोरीच्या अभ्यासातून कापून घेतलेली असते. मुलांनी हातभार लावावा. बदली कोणी होऊ नये.

तरीही दोन माणसे पुरी पडणार नाहीत असे दिवस येतात. त्यासाठी शेजार जोडावा. एकाच शाळेत जाणारी चार घरे एकत्र आली, तर मुलांना आणण्याची पाळी प्रत्येकाला आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशीच येते. मात्र मूल कोणाच्या हाती द्यावे त्यांची नावे शाळेला लेखी द्यावीत, आणि मुलालाही सांगावीत. शेजारच्या आजी रोज दोन तास मूल सांभाळत असतील, तर त्यांना मोबदला द्यावा. प्रेम आहे म्हणून श्रम फुकट घेऊ नयेत.

राहता राहिली विश्रांतीची गोष्ट. मुंबईच्या गिरणी कामगाराला पूर्वी आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली, सहा वर्षे लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तो रविवार आज आपण सारे उपभोगतो. पण घरातल्या बाईच्या रविवारी काम दुप्पट असते. १९८० साली पुण्यातल्या घरकामगार स्त्रियांनी संप केला आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारीने पगारी सुट्टी मागितली. तशी सुट्टी आपल्या स्वतःच्या घरात का नसावी? फळ्यावर प्रत्येक मोठ्या माणसाची आठवड्यातली एक अर्धी सुट्टी लिहावी, आणि ती कोणत्याही कारणाने खोडू नये.

एवढे सगळे केले तरी सर्व सुरळीत होईल, असे मी म्हणणार नाही. माझी पोर त्या दिवशी शाळेच्या दारात राहिली, ती केवळ आमच्या गाफिलपणामुळे नव्हे. तिच्या आईचा दिवस कारखान्याने ऐनवेळी चार तासांनी लांबवला होता. कारखान्याचा फळा एका रात्रीत बदलत असेल, तर घरचा फळा कोण भरणार? म्हणून पाळीचे पत्रक निदान आठवडाभर आधी लागावे, जादा कामाची सूचना वेळेवर मिळावी आणि लहान मुलांच्या आईबापांना ऐनवेळी अडवू नये, ह्या मागण्या मी पगारवाढीच्या बरोबरीने मांडतो. पाळणाघराचेही तेच. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यावर पाळणाघराचे बंधन घातले आणि १९७६ साली ही संख्या तीसवर आणली. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना, मग ते कामगार स्त्रिया असोत वा पुरुष, पाळणाघर लागू केले. ही दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते, कारण पुरुषांची डोकी मोजली म्हणजे मूल बापाचेही आहे हे कायद्याने मानले. पण कायदा कागदावर असतो. तो मागणारे लागतात. आपापल्या कामाच्या ठिकाणी पाळणाघर आहे का, एवढा प्रश्न तरी उद्या विचारा.

आमच्या घरी तो फळा अजून आहे. मुलगी आता आपल्या संसारात आहे, तिच्या भिंतीवर तिचा वेगळा आहे. आमच्या फळ्यावर पत्नीची अर्धी सुट्टी बुधवारी असते, आणि आज बुधवार आहे. त्यामुळे घरी जाऊन भात मला लावायचा आहे.