जागा आहे, पण फाइल मावत नाही!

श्रीपूरच्या एका विद्यार्थ्याने स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणाची ५ गीगाबाइटची फाइल आणली. पेन ड्राइव्ह १६ गीगाबाइटचा, त्यात प्रकल्पाची टिपणे तेवढी. तरी संगणक फाइल उतरवून घेईना. "सर, पेन ड्राइव्ह बिघडला का?"

पेन ड्राइव्ह ठणठणीत होता. अडचण त्यातल्या दप्तरात होती. गावची जमीन वेगळी आणि तलाठ्याकडचा सातबारा वेगळा. तसेच डिस्कवरची माहिती वेगळी आणि कोणती फाइल कोणत्या खणांत आहे, केवढी आहे, याची नोंद वेगळी. हे दप्तर ठेवण्याच्या पद्धती अनेक आहेत. फॅट ही १९७७ ची. तिचे फॅट३२ हे रूप १९९६ चे. त्यात फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांची, म्हणजे ० किंवा १ या अंकांची ३२ घरे असतात. उसाच्या काट्याच्या पावतीवर वजनासाठी पाचच घरे असतील, तर ९९,९९९ किलोंपुढचे वजन लिहिणार कसे? मग काटा कितीही दणकट असो! या ३२ घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. तेवढ्या बाइटपेक्षा, म्हणजे सुमारे ४ गीगाबाइटपेक्षा मोठी फाइल फॅट३२ला नोंदवताच येत नाही.

एनटीएफएस (१९९३) आणि एक्सफॅट (२००६) यांत ही घरे ६४ आहेत. शिवाय एनटीएफएस दप्तरातला फेरफार आधी टाचणवहीत लिहून ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी दप्तर सावरता येते. (भारनियमन सोसलेल्यांना याचे मोल सांगायला नकोच.) मात्र मॅक संगणक एनटीएफएस वाचतो; जादा सोय केल्याशिवाय तिच्यात लिहीत नाही. म्हणून विंडोज संगणकातील डिस्कला एनटीएफएस, हातोहाती फिरणाऱ्या पेन ड्राइव्हला एक्सफॅट आणि जुन्या टीव्हीसाठी फॅट३२ बरी.

विंडोजमधील 'कन्व्हर्ट' ही आज्ञा फॅट३२चे एनटीएफएस करते. फाइली जागेवर ठेवून ती मोकळ्या जागेत नवे दप्तर मांडते. उलट दिशेने किंवा एक्सफॅटकडे ती नेत नाही. तेथे फाइली आधी दुसरीकडे उतरवायच्या, मग फॉरमॅट करायचे आणि फाइली परत आणायच्या.

आमच्या विद्यार्थ्याने पहिली पायरी गाळून घाईने 'क्विक फॉरमॅट' केले! टिपणे दिसेनाशी झाली. पण असे फॉरमॅट केवळ कोरे दप्तर मांडते; जुनी माहिती बहुतेक जागच्या जागी असते. "आता यावर काहीच उतरवू नकोस," असे मी त्याला बजावले. शोधक आज्ञावलीने बरीच टिपणे मिळाली. दोन तक्ते मात्र गेले. त्यांच्या खणांवर नवे दप्तर बसले होते.