टाळू, उखळ आणि गुडघ्याची वाटी

तान्ह्या बाळाची टाळू आपण तेलानं भरतो. बोटाखाली ती मऊ जागा धडधडते. दीडेक वर्षात ती भरून येते. कवटीची हाडं जन्मतः सुटी असतात, त्यांच्यामध्ये चिवट तंतूंचा पडदा असतो, म्हणून तर बाळंतपणात डोकं जरा दबून वाट काढतं. पुढे त्या जागी नागमोडी शिवण उरते. सुश्रुतसंहितेत या सांध्याला 'तुन्नसेवनी' म्हटलंय, म्हणजे टाक्यांची शिवण. मला ती कवटीवर पाहताना गोधडीच आठवते. संहितेत सांधे २१०, त्यांचे प्रकार आठ. खुब्याचा 'उलूखल', म्हणजे आपलं उखळ! मांडीच्या हाडाचा गोल माथा त्या खोलगट वाटीत फिरतो.

मणक्यांमधल्या गाद्या कूर्चेच्या; हलतात, पण थोड्याच.

खरी कसोटी गुडघ्याची. उकिडवं बसून दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला विचारा. हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा, मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या, आत एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध, पुढे वाटी आणि अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं वंगण. दुखू लागलं की आपण म्हणतो, "वंगण संपलं." पण बहुधा झिजलेली असते ती कूर्चा, सुजलेल्या गुडघ्यात पाणी उलट वाढलेलं असतं. या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. हालचालीत ती दबते, सुटते आणि वंगणातूनच पोसली जाते. म्हणून दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला महिनोन्महिने खाटेवर बसवून ठेवू नये.

अस्थिबंधाचं बळ कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांत आहे. हाडातही तेच. जालन्याची सळई काँक्रीटमध्ये ताण घेते, तसा हाडात कोलॅजन ताण घेतो. दाब कॅल्शियमचे क्षार सोसतात.

हे सगळं हाताळून शिकायची जागा म्हणजे वैद्यकीय महाविद्यालय. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात जालन्याचंही होतं. डॉक्टरकीच्या पहिल्याच वर्षी शरीररचना शिकायची असते. पुस्तकातल्या चित्रात अस्थिबंध नुसता पट्टा दिसतो. त्याचा चिवटपणा कळतो तो चिमट्यात धरल्यावरच. त्यासाठी कुणीतरी आपला देह द्यावा लागतो. देहदानाचं संमतीपत्र हयातीत भरता येतं, पण मृत्यूनंतर नातेवाइकांनी कळवलं नाही तर ते कपाटातच राहतं. तुमची तशी इच्छा असेल, तर आजच घरात बोलून ठेवा.