कुंडीतली भावनगरी मिरची

भजीची लांब, जाड, कमी तिखट भावनगरी मिरची कुंडीत फार छान येते. नक्की लावा!

🌱 जून-जुलैत बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. रोप वीतभर झालं की 12 इंची कुंडीत हलवा. मातीत भरपूर गांडूळखत हवं.

☀️ रोज किमान 6 तास ऊन. पारा 35 अंशांपुढे गेला की फुलं गळतात, तेव्हा दुपारी सावली द्या.

💧 वरची माती सुकली की पाणी घाला. पाणी साचलं तर मुळं कुजतात.

🍃 पानं आकसली, वळली तर फुलकिडे किंवा कोळी शोधा. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा.

✂️ मिरच्या हिरव्या असतानाच देठासकट कापा, म्हणजे नवी फुलं येत राहतात.

पहिल्या तोडणीची पीठ पेरून भाजी करा. घरच्या ताज्या मिरचीची चव खरंच वेगळी लागते!